दात लागला

सकाळी सात चाळीसला मामाचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या एका गालावरून फिरून झाला होता. दुसऱ्या गालावर फेस तसाच होता. तेवढ्यात सलूनच्या पायरीवरचं कुत्रं घशातून खरखर करायला लागलं. कुत्रं गल्लीतलंच, मामाच्या हातचं खाऊन वाढलेलं. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती.

"हाड अडकलंय," म्हणत मामाने वस्तरा ठेवला आणि कुत्र्याच्या तोंडात दोन बोटं घातली. हाड काही हाती लागलं नाही, उलट दात लागून बोटांतून रक्त आलं. मामाने बोटं नळाखाली धरली, वर तुरटी फिरवली. वस्तऱ्याच्या जखमांबाबत त्याचा नियम सरळ होता: रक्त थांबलं की विषय संपला.

"तो हात माझ्या तोंडाला लावू नकोस," खुर्चीतला निवृत्त ड्रायव्हर म्हणाला आणि फेस पुसून निघाला. अर्धी दाढी का राहिली, हे तो दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी कुत्रं मेलं. ड्रायव्हरची गोष्ट तोवर मामाच्या बायकोपर्यंत पोचली होती. ती तडक सलूनमध्ये आली.

"कुत्रं चावलं आणि घरी सांगितलं नाहीत?"

"चावलं नाही गं. नुसता दात लागला."

"म्हणजे काय, पापा घेतला?"

"पोटात चौदा इंजेक्शनं देतात. मला नाही जमायचं."

"लोकांच्या गळ्यावर रोज वस्तरा धरता ना?"

"मी धरतो. माझ्या गळ्यावर कोण धरतं?"

बायकोने स्वतः शटर ओढलं.

दवाखान्यात नर्सने त्याला साबण लावून बोटं वाहत्या पाण्याखाली धरायला लावली, चांगली पंधरा मिनिटं. दिवसभर फेस करणारा माणूस तेवढ्यात कंटाळला.

"झालं की."

"नाही झालं. हे कालच करायचं होतं."

डॉक्टरांनी समजावलं. पिसाळलेलं कुत्रं अंगावर धावून येतंच असं नाही. कधी जबडा लुळा पडतो, गिळता येत नाही, आणि माणसाला वाटतं घशात काही अडकलंय. दात लागला, रक्त आलं, म्हणजे चावाच. माणसात लक्षणं दिसली की मग जवळजवळ काहीच करता येत नाही. त्याआधी लस घेतली आणि पुरी केली, तर रोग अडवता येतो.

"मला उशीर झाला का?" मामाने हळूच विचारलं.

"लवकर आला असतात तर बरं होतं. पण वेळ गेलेली नाही."

मामाने डोळे मिटले आणि शर्ट वर केला.

"पोट झाका," नर्स म्हणाली. "दंड द्या. ते पोटातलं कधीच बंद झालं."

दंडातली सुई कळलीसुद्धा नाही. बोटांच्या जखमांत भरलेलं औषध मात्र चांगलंच झोंबलं. दुसऱ्या लशीला तो एकटाच गेला, बायकोने आठवण करून द्यायच्या आत.

उद्या सकाळी साडेआठला तिसरी लस आहे. सलून साडेसातला नाही, दहाला उघडेल.