देवराईचे कंडक्टर

कंडक्टर स्वस्थ बसलेले मला कधी आठवतच नाहीत. जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन ओसरीवर फेऱ्या मारायचे. उभा जन्म एसटीत तिकिटं फाडण्यात घालवून ते जावळीतल्या आपल्या गावी परतले होते. मी तिथल्या शाळेवर शिक्षिका होते.

गावाच्या वर देवराई होती. अंजन, हिरडा, जांभूळ. दोघांच्या कवेत न मावणारे बुंधे. तिच्या पायथ्याच्या झऱ्यावर गावाचा उन्हाळा निघायचा. एका ठेकेदारानं गावाला सांगितलं, लाकूड मला द्या, देवीचं जुनं देऊळ पाडून सिमेंटचं बांधून देतो. देवस्थान समितीचे प्रमुख होते आप्पा, कंडक्टरांचे थोरले भाऊ. त्यांनी होकार दिला, गावानं मान डोलावली. एकटे कंडक्टर नको म्हणाले.

"बाई, आमी लावली असती तर तोडलीबी असती," ते मला म्हणाले. "जी कुणी लावलीच न्हाईत, ती तोडा म्हणणारं आपण कोण?"

अर्ज मी लिहायचे. ते वर्गभर येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे आणि वाक्य अर्धं टाकून खिडकीतून वर डोंगराकडे बघायचे. मग दोन एसट्या बदलून साताऱ्याला वनखात्याच्या कचेरीत जायचे. साहेब दौऱ्यावर असले की तसेच परत. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून बायकांना झऱ्याचं सांगायचे.

तिसऱ्यांदा ते साताऱ्याला गेले, त्याच दिवशी ठेकेदाराची माणसं आली. यंत्राच्या करवतीचा आवाज वर्गात घुसला. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकी लावून घेतली आणि पाढे पुढे चालू ठेवले. बदलीची भीती होती, आप्पांचीही होती.

सात झाडं पडली. कंडक्टर संध्याकाळी उतरले तेव्हा तोड थांबवण्याचं पत्र त्यांच्या खिशात होतं. ते थेट आप्पांच्या दारी गेले. भांडले नाहीत. पत्र वाचून दाखवलं आणि वहिनींना एवढंच विचारलं, "झरा आटल्यावर तुमी हंडा घिऊन कुठं जाणार?"

आप्पा उठून आत गेले. सकाळी माणसं आली, तेव्हा आठव्या झाडाला पाठ लावून वहिनी बसल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती गावातल्या पंधरा-वीस बायका. कंडक्टरांनी पत्र पुढे केलं. ठेकेदार दोन दिवस घुटमळला आणि निघून गेला.

त्यानंतर कंडक्टर शाळेत आले.

"त्या दिशी आवाज आला आसंल न्हवं हितं?"

मी हो म्हटलं.

"मग यायचं की."

मग ते बाहेर अंगणात फेऱ्या मारत राहिले. मला मात्र वर्गात उभं राहवेना. सुट्टी झाल्यावर त्यांच्या मागोमाग मी पहिल्यांदा देवराईत चढले. ताज्या खोडांतून चीक ओघळत होता. ते एकेका खोडाशी थांबून झाडाचं नाव सांगत गेले. मग माझ्या हातात वही दिली. "आता उरल्यात ती लिवून घ्या. म्या सांगतो."

अंधार पडेपर्यंत मी लिहीत होते.

दोन वर्षांपूर्वी कंडक्टर गेले. मी आता कवठे महांकाळला असते. इथे सावलीसुद्धा शोधावी लागते. मे महिन्यात शाळा सुटली की मी वही घेऊन जावळीला जाते. वहिनींना आता चढवत नाही. त्या झऱ्यापाशी बसतात, मी वरून एकेक नाव हाक मारल्यासारखं वाचते, आणि खालून त्या विचारतात, "हाय का?"