साडूच्या दारातली लाल गाडी

माझ्या साडूनं मला फसवलं. माझी गाडी त्यानं तीन दिवसांसाठी म्हणून नेली, परत दिली नाही, आणि आज ती त्याच्या नावावर आहे. हे आधीच सांगून टाकतो. आमच्या नातेवाइकांत हा विषय निघाला की लोक गैरसमज म्हणतात, मोठ्या मनानं घ्या म्हणतात, मग चहा येतो आणि फसवणूक हा शब्द कुणाच्या तोंडून निघतच नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. लातूरला कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मी नांदेडचा. दहावीला शाळा सुटली ती सुटलीच. पंक्चर काढत काढत ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान टाकलं आणि ते स्वतःच्या जिभेवर उभं केलं. हैदराबादच्या भंगार बाजारात घासाघीस करताना समोरचा कोणता शब्द बोलला आणि कोणता गिळला हे मला बरोबर कळतं. सासरी मात्र या जिभेला कुलूप. जावयानं सासऱ्याशी घासाघीस करायची नसते. सासरे लातूरचे नावाजलेले वकील. त्यांच्याकडं पंगतीत थोरल्या जावयाचं ताट त्यांच्या शेजारी आणि माझं दाराजवळ. तिकडं "सर, अजून एक घ्या" असा आग्रह, आणि मला विचारणार काय, तर ट्रकवाल्यांचा संप मिटला का. तेही हसत.

गाडी मुळात सासऱ्यांची. विलायती, दोन माणसांची, उघड्या टपाची, तारांच्या चाकांची, डाळिंबासारखी लाल. तरुणपणी त्यांनी ती हैदराबादच्या एका अशिलाकडून घेतली होती. ती रस्त्यावर निघाली की सायकलवाले उतरून बाजूला उभे राहायचे. बघायच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा मी मुलीआधी गाडी बघितली, असं बायको अजून ऐकवते. खोटं नाही ते.

भूकंप झाला त्या आठवड्यात मी ट्रकमध्ये ताडपत्र्या, घोंगड्या आणि पाण्याचे कॅन भरून लातूरकडं गेलो. आधी दक्षिणेकडच्या गावांत गेलो. तिथं जे पाहिलं ते या गोष्टीत आणणार नाही. त्यापुढं गाडीबिडी काहीच नव्हे. लातूर शहरात घरं उभी होती, तरी माणसं अंगणात राहत होती. सासऱ्यांच्या गाडीखान्याची भिंत गाडीवर आडवी झाली होती. दगडमातीतून फक्त मागचं एक चाक दिसत होतं. सासरे समोर खुर्ची टाकून तिकडं बघत बसले होते. ताडपत्री बांधून मी जवळ गेलो तर म्हणाले,

"जावईबापू, ही आता तुमच्याकडं ठेवा."

मी म्हणालो, "हाव, मामा."

बस, एवढंच. दुसऱ्या कुणाशी सौदा असता तर मी तिथंच विचारलं असतं, ठेवा म्हणजे काय? ठेवून घ्या, की नुसती सांभाळून ठेवा? सासऱ्याला, तेही अशा दिवसांत, हे विचारायचं कसं? आणि खरं सांगायचं तर मला विचारायचंही नव्हतं. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. गाडी ट्रकमध्ये चढवली आणि नांदेडला आणली.

पुढची चौदा वर्षं त्या गाडीनं माझं काय काय करून घेतलं ते साडूला माहीत नाही. नट सगळे इंची, आपले पाने सगळे मिलिमीटरचे. बळ लावलं की पाना सटकायचा आणि बोटं सोलून निघायची. गुरुद्वाऱ्याकडच्या रस्त्यावर एक म्हातारे सरदारजी होते, त्यांच्या पेटीत इंची पाने निघाले. ते पाने देत नव्हते, वापरायला देत होते, तेही त्यांच्यासमोर बसून. बॉनेटचा पत्रा त्यांनी लाकडी हातोडीनं उन्हाळाभर ठोकला. पाण्याच्या पंपाचं पॅकिंग मी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलं. इंजिनाचे काही भाग आपल्याकडच्या जुन्या टॅक्सीगाड्यांचे बसतात हा शोध मला हैदराबादला भंगाराच्या ढिगावर उकिडवं बसल्यावर लागला, आणि दुकानदाराला माझा आनंद दिसू नये म्हणून मी अर्धा तास दुसराच पार्ट उलटासुलटा करून बघत राहिलो.

दोन कार्बोरेटर. दोन्ही एकसारखी हवा ओढताहेत का हे कळायला रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. एकाचा आवाज "स्स्स" असेल तर दुसऱ्याचाही तसाच "स्स्स" आला पाहिजे. दर रविवारी मी अंगणात असा नळी लावून बसायचो. बायको म्हणायची, "माझं दुखलंखुपलं तर कधी एवढं कान लावून ऐकत न्हाई तुम्ही."

पेट्रोलचा पंप सीटच्या मागं. तो टिकटिक वाजतो, आणि टिकटिक थांबली की लाकडाचा एक टोला द्यायचा. टोला नेमका कुठं द्यायचा हे कळायला दीड वर्ष गेलं. एकदा अहमदपूरला एसटी स्टँडसमोर ती टिकटिक थांबली. मी सीट काढून वाकलो तोवर भोवती गर्दी. एक कंडक्टर म्हणाला, "मालक, कशाला घाम गाळून राहिलात? काखेत मारा अन् घरी न्या." सगळे हसले, मीही हसलो, आणि टोला दिल्याबरोबर ती सुरू झाली तेव्हा त्याच गर्दीनं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला सरळ वाटलं, ही माझी.

मग लातूरला क्लासचं युग आलं. साडूनं नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढला. आधी पत्र्याचा हॉल, मग दोन मजले, मग चौकाचौकात त्याच्या फोटोचे फलक. हिमायतनगरपासूनची पोरं पेटी-वळकटी घेऊन त्याच्या दारात उभी राहू लागली. माझ्या शेजारचा टायरवाला एक दिवस दुकानात येऊन हात जोडून म्हणाला, "पोराचा तिथं नंबर लावून द्या, साहेब. सरांचे साडू ना तुम्ही?" इतकी वर्षं त्यानं मला साहेब म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दानं मला जेवण गेलं नाही. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या खुर्चीवर बसून मी दुसऱ्याचा साडू झालो होतो.

अशात अधिक महिना आला. सासूबाईंनी दोन्ही जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पुरणाचे धोंडे, नवे कपडे, चांदीचं ताम्हण, पायावर पाणी. जावई त्या दिवशी देवासारखा. साडूनं तीच वेळ साधली. मला काही विचारलं नाही. सासूबाईंना म्हणाला, बारावीचा निकाल लागणार, पहिल्या आलेल्या पोरांची मिरवणूक काढायचीय, लाल गाडी मिळाली तर पोरांना कौतुक वाटेल. सासूबाई वाण माझ्या हातात ठेवता ठेवता म्हणाल्या, तीन दिवस द्या हो. हातात वाण घेतलेला माणूस नाही कसा म्हणणार? मी हो म्हणालो. बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. गाडी परत येत नाही हे तिला तेव्हाच कळलं असावं.

मी गाडी स्वतः लातूरला पोचवली आणि त्याला एकच गोष्ट तीनदा सांगितली. या गाडीची बॅटरी उलटी आहे. आपल्या गाड्यांत निगेटिव्ह तार बॉडीला लागते, हिला पॉझिटिव्ह. बॅटरी काढलीच तर परत तशीच लावा. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"साडूभाऊ, करंट म्हणजे काय ते अख्खा जिल्हा माझ्याकडं शिकतो."

तीन दिवसांचे तीन आठवडे झाले. फोन केला की सर क्लासवर आहेत. शेवटी मी गेलो. गाडी क्लासच्या दारात, काचेच्या पोर्चमध्ये उभी. मागं पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, पुढं साखळी. तिथून तसाच सासऱ्यांकडं गेलो. ते पेपर वाचत होते. त्यांच्याकडून कळलं, साडूनं आदल्याच महिन्यात त्यांच्याकडं जाऊन सरळ मागणी केली होती: मामा, ती गाडी मला द्या. गाडीच्या कागदांवर नाव अजून त्यांचंच, त्यांनी सह्या करून दिल्या होत्या. मी म्हणालो, मामा, भूकंपात तुम्ही ती मला दिलीत. त्यांनी चष्मा काढला.

"ठेवा म्हणालो होतो. घ्या म्हणालो नव्हतो. तुमच्यासारख्या व्यापाऱ्याला हा फरक मी सांगायचा का?"

वकील माणूस. त्या वाक्यात बोट शिरायला फट नव्हती. पण मला जास्त काय लागलं ते लिहितो. जे चौदा वर्षं माझ्या ओठावर आलं नाही ते साडूनं एका सकाळी सहज मागितलं, आणि त्याला मिळालं. मागायची लाज मला, मिळायचा मान त्याला.

पुढच्या आठवड्यात एका पेपरात त्याचा फोटो आला, स्टिअरिंगवर हात ठेवलेला. खाली त्याचं वाक्य: जुनी वस्तू चालती ठेवायला शिस्त लागते. मी तो पेपर फाडला, मग तुकडे जुळवून परत वाचला.

महिनाभरानं त्याचा फोन आला. बायकोच्या तब्येतीची चौकशी केली, दुकान कसं चाललंय विचारलं, मग म्हणाला, जरा येऊन जाता का, गाडी धूर करून राहिली. जायला नको होतं. पण तिला दुसऱ्या कुणाचा हात लागेल या विचारानं मला बसवेना. मी पहिल्या एसटीनं लातूर गाठलं.

बॉनेट उघडायच्या आधीच जळक्या रबराचा वास आला. बॅटरी धुवायला काढली होती आणि परत लावताना सरांनी सगळ्या जगासारखी लावली होती. डायनॅमो जळाला होता, चार्जिंग तोडणारा कटआउट चिकटला होता, सरदारजींनी एकेक तार मोजून बसवलेली पूर्ण वायरिंग वितळून एकजीव झाली होती. मी जमिनीवर बसलो. खोटं कशाला, आधी बरं वाटलं. अख्ख्या जिल्ह्याला करंट शिकवणारा माणूस दोन तारांत चुकला होता. मग तिच्याकडं बघितलं आणि बरं वाटायचं थांबलं.

क्लास सुटला. पोरं काचेपाशी गोळा झाली. माझे हात कोपरापर्यंत काळे. एका पोरीनं विचारलं, सर, हे कोण? साडू माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. म्हणाला,

"हे आमचे नांदेडचे मिस्त्री. लई जुने आहेत आमच्याकडं."

मी पाना खाली ठेवला, हात त्याच्या पोर्चच्या पांढऱ्या भिंतीला पुसले आणि एसटी स्टँडवर आलो. गाडी तशीच उभी आहे म्हणतात. लातूरला, हैदराबादला माणसं शोधून झाली, तिला हात लावायला कुणी तयार नाही. सासूबाईंचे दोन निरोप आले, झालं गेलं विसरा आणि तेवढी दुरुस्त करून द्या. 

मी दुरुस्त करीन. मिस्त्री या शब्दाचीही मला लाज नाही, त्याच कामावर माझं घर उभं आहे. पण आधी त्या माणसानं त्याच पोर्चमध्ये, त्याच पोरांसमोर, सासऱ्यांना शेजारी बसवून तोंड उघडावं. चौदा वर्षं ही गाडी कुणी चालवली, कुणी जाळली आणि ती कुणाकडून कशी काढून घेतली, हे त्यानं स्वतः सांगावं. माझ्या घरी येऊन, चहा पिऊन, हळू आवाजात नाही. तिथं, फळ्यासमोर शिकवताना बोलतो तसं, मोठ्यानं. बोला, सर. मी वाट बघतोय.