खोटी खिडकी

बाबांनी सरकारी नोकरीत जन्मभर एकसारख्या क्वार्टर्सचे नकाशे काढले, आणि दिल्लीत आर. के. पुरमच्या तशाच एका क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. निवृत्त झाल्यावर गुरुग्रामच्या प्लॉटवर त्यांनी त्या सगळ्याचा सूड उगवला. जुन्या पॅरिसमधल्या सरदारांच्या हवेलीसारखं घर बांधलं: पुढे फरसबंद चौक, मागे बाग, खिडक्यांवर दगडी वेलबुट्टी, वर राखाडी पत्र्याचं तीव्र उताराचं छप्पर. लोक थांबून फोटो काढायचे. मला मेली लाज वाटायची.

समोरून खिडक्या डावी-उजवीकडे अगदी सारख्या दिसतात. वरची एक मात्र खोटी आहे. चौकट आहे, वेलबुट्टी आहे, मिटलेली लाकडी झडप आहे आणि मागे नुसती भिंत. आईची खोली आणि शेजारची खोली यांच्यामधली भिंत नेमकी तिच्या मध्यावर येत होती. खिडकी जरा बाजूला सरकवली असती तर आईला रस्ता दिसला असता.

"त्या सरदारांनीही अशाच खोट्या खिडक्या केल्या," बाबा जेवताना सांगायचे. "तोल बिघडला की घर संपलं."

"मला आपला थोडा उजेड हवा होता," आई म्हणायची. त्यावर ते आमटी मागायचे.

बाबांच्या वर्षश्राद्धाला कावळ्याचं पान ठेवायला जागा सापडेना, कारण या घराला गच्चीच नाही. शेवटी भावाने शिडी लावून ते पोर्चच्या सपाट माथ्यावर, खोट्या खिडकीखाली ठेवलं. कावळा लगेच आला, पण पानाला शिवेना. वर उडून झडपेवर चोच मारायला लागला. टक, टक. भर दुपारच्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द दिला की कावळा शिवतो, असं आमच्यात मानतात. भाऊ ओरडून म्हणाला, "बाबा, प्रॉमिस! ही खिडकी सरकवून खरी करतो. आईला उजेड मिळेल, बिल्कुल."

टक, टक.

"आता तरी ऐका की तिचं!" मी म्हणाले.

मग आई पुढे झाली. "अहो, नाही सरकवणार. मी आहे तोवर कुणी हात लावणार नाही. जेवा आता."

कावळा खाली उतरला आणि त्याने भाताची मूद फोडली. मला रडू फुटलं, ते रागाने. मेल्यावरही या माणसाला घराचं तोंडच प्यारं होतं.

आई अजून त्याच खोलीत असते, दिवसाही दिवा लावून. परवा तिच्याजवळ चहा पीत बसले होते, तेव्हा भिंतीपलीकडून आवाज आला. टक, टक. कबुतरं असतील, मी म्हटलं. आईने कप खाली ठेवला आणि बोटाच्या पेराने आतून भिंतीवर दोनदा वाजवलं. बाहेर शांत झालं.

"काय सांगतेस गं त्यांना?"

"दिसतंय मला, म्हणते," आई म्हणाली. "रस्ता दिसतो का, विचारत असतात."