एनिडबाईंचा बॉयलर

इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या चढावर प्रॉस्पेक्ट रो नावाची गल्ली आहे. तिथल्या सतरा नंबरच्या एनिड ओल्डरॉइड यांच्याकडे मी दोन वर्षांत अकरा वेळा गेलो. अकराही वेळा काम तेच. जमिनीखालचा जुना पाइप कुठेतरी झिरपायचा, बॉयलरमधला पाण्याचा दाब कमी व्हायचा, काटा शून्यावर यायचा आणि घर गार पडायचं. बॉयलरखालच्या नळीची चावी फिरवून काटा दीडवर आणायचा, चावी बंद करायची आणि बटण दाबायचं. दोन मिनिटांचं काम. नंतर चहा, पाऊण तास.

एकतीस वर्षं मी गॅसची कामं करतोय आणि गिऱ्हाइकांनी माझं डोकं फिरवलंय, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला हात लावायचा नाही त्यालाच हे लोक हात लावतात. फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघतात, स्क्रूड्रायव्हर घेतात आणि बॉयलरचं झाकण उघडून बसतात. ते परवानेवाल्यानंच उघडायचं असतं, कारण आत गफलत झाली तर विषारी वायूनं माणसं झोपेतच जातात. पण नुसतं पाणी भरायला कुणाचीही ना नाही, आणि तेवढ्यासाठी मात्र मला फोन!

एनिडबाईंना ते जमलं नसतं असं नाही. अडतीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात दीड-दीडशे पोरांचं जेवण रांधलं होतं. त्यांच्यापुढे ती चावी म्हणजे किस झाड की पत्ती. तिसऱ्या खेपेलाच मला कळलं की बाईंना माणूस हवाय. नवरा हॅरल्ड जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगी न्यूझीलंडला होती. शेजारी चांगले होते, पण आमच्याकडे काम असल्याशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नाही. बॉयलरवाल्याला बोलावणं हे काम असतं. त्यात कुणाचं मिंधं व्हावं लागत नाही.

"पाय पूस, पोरा," त्या दारातच म्हणायच्या. मी चोपन्न वर्षांचा आहे. "साखर दोन चमचे ना? दात राहिलेत का अजून?"

"दोन-चार आहेत. बिस्किटापुरते."

मग शाळेतलं गुलाबी कस्टर्ड, त्यात एकदा पडलेली हेडमास्तरांची कवळी, हॅरल्डनं परसात लावलेले मनगटाएवढे लीक नावाचे पातीचे कांदे. तीच गोष्ट मी चार-चारदा ऐकली, आणि चारही वेळा हसलो. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं. बाकीच्या घरांत मी येतो ते कुणाला कळतसुद्धा नाही, सगळ्यांचं लक्ष फक्त खोली तापवणारा रेडिएटर गरम झाला का याकडे.

ऑक्टोबरात ऑफिसातल्या ट्रेसीनं मला झापलं. "सतरा नंबरला तंबू ठोकलायस का रे? पाणी भरायला इंजिनियर लागतो? शिकव त्यांना आणि मोकळा हो."

शिकवलं. मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहून बॉयलरशेजारी कागद चिकटवला. एनिडबाईंनी चष्मा लावला, चावी फिरवली, काटा बरोब्बर दीडवर आणून थांबवला. पहिल्याच झटक्यात.

"आलं की तुम्हाला!" मी म्हणालो. "सुटलात माझ्या कटकटीतून."

त्या कागदाकडे बघत राहिल्या. "अक्षर छान आहे हो तुझं," एवढंच म्हणाल्या, आणि जाताना आल्याचा अर्धा केक बांधून दिला. एक पुण्याचं काम केलं अशा तोऱ्यात मी व्हॅनमध्ये बसलो. इतका मूर्ख मी आयुष्यात दुसऱ्यांदा झालो नसेन.

त्यानंतर फोन नाही. जानेवारीत कडाक्याचा गारठा पडला. माझ्या नाकी नऊ आले होते, जेवण व्हॅनमध्येच. त्यात प्रॉस्पेक्ट रोच्या तेवीस नंबरचं काम निघालं. ते उरकून बाहेर आलो आणि सवयीनं वर पाहिलं. अशा थंडीत बॉयलर चालू असला की भिंतीतल्या धुराड्यातून पांढरी वाफ निघते. गल्लीत एकूण एक घराची वाफ निघत होती. सतरा नंबरची नव्हती.

तसाच तिकडे धावलो. दार वाजवलं. बराच वेळ कुणी आलं नाही, मग कडी निघाली. ओव्हरकोट, लोकरीची टोपी, हातमोजे, कोटाच्या आत गरम पाण्याची पिशवी. ओठ निळसर.

"अगंबाई, तू!" त्या म्हणाल्या. "मी नाही हं बोलावलं तुला."

"किती दिवस बंद आहे?"

"रविवारपासून." त्या दिवशी गुरुवार होता.

"विसरलात होय कसं भरायचं ते?"

"विसरायला काय झालं? नळीची चावी हळू फिरवायची, काटा दीडवर आला की बंद करायची, बटण दाबायचं." घडाघडा म्हणून दाखवलं.

"मग केलं का नाही?" माझा आवाज चढला. "नाही तर फोन करायचा!"

"फोन कसा करू? मला येतंय ना आता. येत असून बोलावलं तर ते खोटं होईल." त्यांनी हातमोजे ओढून घट्ट केले. "आणि मी चावी फिरवली असती तर तुझं येणं संपलंच असतं, पोरा. रोज उठून तिच्यापर्यंत जात होते. म्हटलं, आजचा दिवस राहू दे."

मी बॉयलरखाली हात घातला.

"थांब," त्या म्हणाल्या. "आधी चहा घे. मग कर."

पुढे अजून चार घरं करायची होती, त्यातल्या एकात तान्हं बाळ. तरी बसलो. त्या बर्फासारख्या स्वयंपाकघरात, अंगात कोट घालून, तोंडातून वाफा सोडत. कवळीची गोष्ट निघाली. खिशात फोन थरथरत होता, तो मी बंद केला. कप रिकामा झाल्यावर उठलो आणि म्हणालो, "तुम्हीच फिरवा." त्यांनी फिरवली. बॉयलर भुर्र करून पेटला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"पुढच्या गुरुवारी येतो मी," मी म्हणालो. "दहा वाजता."

"कशाला? चांगला चाललाय की आता."

"सहज."

"सहज म्हणजे काय?" त्यांनी भिंतीवरचं खाटिकाच्या दुकानाचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. जानेवारीचा अख्खा महिना कोरा. "लिहून ठेवायला हवं. काय लिहू?"

"चहा लिहा."

"चहासाठी का कुणी व्हॅन घेऊन येतं? लोक काय म्हणतील?"

ते कॅलेंडर वाचायला त्या घरात मी सोडून कुणी येत नव्हतं. त्यांनी पेन्सिल जिभेला लावली, थोडा विचार केला आणि गुरुवारच्या चौकटीत ठळक अक्षरांत लिहिलं, 'बॉयलर'.