शेवंती टिकली तोवर

आईच्या वाढदिवसाले भावानं पुण्याहून फोन करून आमच्या पांढरकवड्यातल्याच दुकानातून बुके पाठवला. स्वतः नाही आला. वरून आईले म्हणे, "फुलं सुकायच्या आत येतो." दोन दिवाळ्या तोंड न दाखवलेल्या पोराचं बोलणं, पण आईनं ते धरूनच ठेवलं.

तिचं अंथरूण बदलणारी मी, गोळ्या देणारी मी, अन् सकाळी डोळे उघडले की ती पहिले विचारणार फुलांचं. मले असा संताप यायचा!

आधी जरबेऱ्यानं माना टाकल्या, मग गुलाबानं. आई घाबरली. काहून सुकून राह्यले, दुकानात जाऊन विचार म्हणे. गेली मी, काय करता. फुलवाले चाचा नवरदेवाचा सेहरा गुंफत बसले होते. त्यांनी सांगितलं, जरबेऱ्याची दांडी पोकळ अन् नरम, पाण्यात लवकर सडते. सडली की वर पाणी चढत नाही. शेवंतीची दांडी टणक, ती टिकते. मी म्हटलं, माह्या अंगणातला देशी गुलाब तर दुसऱ्या दिवशीच झडते. ते हसले. त्याची पाकळी पातळ, म्हणे. दुकानातल्या गुलाबाची जात टिकण्यासाठीच निवडलेली असते, पाकळी जाड, पण वास बहुतेक नसतेच. मनात म्हटलं, वा रे वा. वास नाही, माया नाही, अन् कौतुक त्याचंच.

घरी येऊन बुकेतल्या उरलेल्या शेवंतीची पाण्यात बुडालेली पानं काढली, दांड्या तिरप्या कापल्या. रोज भावाले शिव्या द्यायची अन् रोज ताजं पाणी भरायची. कारण शेवंती आहे तोवर त्याचा वेळ संपला नाही, असं आईनं ठरवून टाकलं होतं.

शेवटी शेवंतीही गेली. मी आईसमोरच ती उचलून उकिरड्यावर फेकली अन् फुलदाणी धुऊन पालथी घातली. मुद्दामच.

संध्याकाळी भावाचा फोन आला. मी स्पीकरवर लावला. सुट्टी भेटत नाही, काम लय आहे, हेच रडगाणं. मग तोच हसत हसत विचारते, "फुलं आहेत ना अजून?"

मी तोंड उघडणार, तर आईनं माझा हात घट्ट दाबला.

"आहेत रे बाबू, चांगली टवटवीत आहेत," ती म्हणाली. "तू सावकाश ये."