आधी डोंगर, मग घर

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागे एकदा हे सांगताना आमच्या एका मित्राला ठसका लागला आणि त्याचा पांढरा शर्ट कामातून गेला. हसायचं तर माझ्यावर हसा, बाकी कुणाचा यात काडीचा दोष नाही. गंमत अशी की मला वाटत होतं, मी भावाला मदत करतोय.

तुम्हाला ठाऊक आहे, मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. माणूस पायरीवर चढला की कुठे उतरणार ते मी तोंडावरून सांगायचो. चुकीच्या गाडीत बसलेला माणूस मी पहिल्या स्टॉपच्या आत उतरवला नाही असं कधी झालं नाही. आता बसा हसत.

देवरूखहून वर, अगदी डोंगराला टेकून आमची वाडी. शेजारी शेजारी दोन घरं, एक माझं, एक थोरल्या भावाचं. त्याला मी दादा म्हणतो. निवृत्त झाल्यावर मला घरात बसवेना, म्हणून दोन खोल्या नीट केल्या आणि रस्त्याला बोर्ड लावला, ‘उन्हाळी निसर्ग मुक्काम’. सकाळी डोंगर चढायचा, करवंदं काढायची, दोर धरून वहाळ, म्हणजे आमचा ओढा, ओलांडायचा, त्याच्या डोहात डुंबायचं, दुपारी जेवून आडवं व्हायचं. दादा म्हणाला, मे महिन्यात डोंगर चढायला कोण खुळा येणार? येतात हो. शहरात खुळ्यांना तोटा नाही.

बोर्डावर फोटो माझा नाही. माझा फोटो बघून कोण थांबेल? फोटो माझ्या पुतणीचा, तेजूचा. ती देवरूखला कॉलेजच्या लायब्ररीत आहे, पण रविवारी पाहुण्यांना डोंगरावर तीच न्यायची. पोरगी गुणाची, पण एकोणतीस झाली आणि लग्न जमत नव्हतं. दोन स्थळांना तिने नको म्हटलं, तिघांनी काही कळवलंच नाही. दादाच्या तोंडाची चव गेली होती. माझ्या पण, कारण मला मूलबाळ नाही. जे काय आहे ते तेजूच.

तर एका शनिवारी संध्याकाळी दादा माझ्या पडवीत आला.

“उद्या अकराला पुण्याचं स्थळ येतंय तेजूला बघायला. तुझी गिऱ्हाईकं आहेत काय रे उद्या?”

“आहेत. कोल्हापूरची. चौघं. साडेनवाला येतील.”

“आली की वरच्या वर डोंगरात ने. अर्ध्या चड्डीतली माणसं उद्या माझ्या दारात, खळ्यात नकोत. आणि जेवायच्या वेळेपर्यंत तू पण खाली येऊ नकोस.”

“मी का?”

“तुझं तोंड,” एवढंच म्हणाला आणि गेला.

राग आला मला. मुलाचा फोटोसुद्धा दाखवला नव्हता. म्हणे तुला दाखवला की देवरूख स्टँडपर्यंत बातमी जाते. पण पोरीच्या लग्नाचा प्रश्न, मी गप्प बसलो. ठरवलं की उद्या दादाला कळलंसुद्धा नाही पाहिजे आपल्याकडे कोणी आलंय ते.

सकाळी नवालाच बोर्डाखाली जाऊन उभा राहिलो. आमची ही पहाटेपासून वहिनीच्या स्वयंपाकघरात. बरोबर सव्वानऊला पांढरी गाडी आली आणि बोर्ड बघून थांबली. उंच मुलगा गाडी चालवत होता, टी-शर्ट, पायात पळायचे बूट. शेजारी त्याचे वडील, टोपीवाले. मागे त्याची आई आणि मावशी. आईच्या अंगावर काठापदराची साडी आणि पायात चक्क स्पोर्ट शूज. मी खूश झालो. म्हटलं, बाई तयारीने आली आहे.

“कोल्हापूरहून ना?”

“होय की,” टोपीवाले म्हणाले. “पहाटेच निघालो. म्हटलं, ऊन व्हायच्या आत घाट उतरावा.”

“चौघं?”

“चौघंच.”

मुलाने बोर्डावरच्या फोटोकडे बोट केलं. “आम्ही ह्यांच्याकडंच आलोय. तुम्ही?”

“मी काका. सगळे मला काकाच म्हणतात.”

जुळलं की सगळं. अजून काय विचारायचं? पुण्याचे अकराला, कोल्हापूरचे साडेनवाला. गाडीच्या मागच्या काचेला इस्त्रीचा शर्ट टांगलेला मी बघितला होता, नाही असं नाही. पण मला वाटलं, कोल्हापूरची माणसं हौशी, डोंगरावर फोटो काढणार असतील.

“घर कुठलं तुमचं?” आईने विचारलं.

“घर कुठे पळतंय? आधी डोंगर. वर आमची देवी आहे, तिचं दर्शन घ्यायचं, मग खाली येऊन जेवण.”

चौघांनी एकमेकांकडे बघितलं.

“तुमच्या कोकणात रीत आहे होय अशी?”

“आमच्याकडे सगळ्यांना असंच. मोठा साहेब आला तरी आधी डोंगर, मग घर.”

टोपीवाल्यांनी मान हलवली. मुलगा म्हणाला, “चला की मग, देवाचं काम आहे.” मी गाडी तिथेच आंब्याखाली लावायला लावली आणि दादाच्या घराला वळसा घालून, कुंपणाच्या मागून, चौघांना गुपचूप वर घेतलं. मावशींनी विचारलं, “असं लपून का जायचं?” मी ओठांवर बोट ठेवलं. त्या बिचाऱ्या ओणवून चालायला लागल्या.

आता ऊन म्हणजे काय ऊन होतं. दर वळणावर आई थांबायच्या. मी मागून माझ्या सवयीने, “चला, पुढे सरका, पुढे जागा आहे.” वहाळाशी आलो. पाणी घोट्याएवढंच, पण दगड शेवाळलेले, म्हणून मी दोर बांधलाय. मधोमध दोर धरून उभ्या असताना मावशी बहिणीला म्हणाल्या, “ताई, तुला बघायला आलेवते तेव्हा नुसत्या कांदेपोह्यांवर भागलंवतं गं.”

मला काही संदर्भ लागेना. म्हटलं भूक लागली असेल. “पोहे आहेत हो खाली,” मी ओरडून सांगितलं, “काळजी करू नका.”

मुलगा मात्र मला आवडला. आईची पर्स स्वतःच्या गळ्यात अडकवून चालत होता, कसली लाज नाही. मावशींना हात धरून पलीकडे नेलं, परत येऊन वडिलांना नेलं. पाण्याची बाटली सगळ्यांना फिरवून शेवटी स्वतः प्यायला. तोवर तिच्यात दोन घोट उरले होते. कुरकुर म्हणून नाही.

देवीपाशी पोचलो. जांभळाखाली सावलीत सगळे बसले. आईंनी बूट काढले, पाय चोळले आणि मला म्हणाल्या, “ती मुलगी कुठं आहे पण? बोर्डावरची?”

“तेजू? ती आज नाही यायची.”

“नाही यायची?”

“आज तिला बघायला पाहुणे येणार आहेत ना. पुण्याचे.”

टोपीवाल्यांची हलणारी मान थांबली. मावशींच्या हातातलं करवंद हातातच राहिलं. आई लालबुंद झाल्या, मी समजलो उन्हाने झाल्या. त्या काहीतरी बोलणार तेवढ्यात मुलाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, “पुण्याचे होय? काय करतो मुलगा?”

“कंपनीत आहे म्हणे.”

“अजून काय ऐकलंय?”

आता तुम्हीच सांगा, असं प्रेमाने कोणी विचारलं तर माझ्यासारखा माणूस किती वेळ गप्प बसेल? आदल्या रात्रीपासून तोंड बांधून ठेवलेलं. शिवाय ही परकी माणसं, उद्या जाणार कोल्हापूरला. यांना सांगून काय बिघडणार?

“एकुलता एक आहे,” मी म्हटलं, “म्हणजे आईच्या मुठीत असणार. आई भारी कडक आहे म्हणे. बाप नुसता मान हलवतो.”

टोपीवाले मान हलवत होते, ते परत थांबले.

“आणि मुलगी कशी आहे?” मुलाने विचारलं.

“सोनं आहे. पण आईबापाने तिला पढवून ठेवलंय. हसायचं नाही, खाली बघायचं. अरे, ती हसली की घर भरतं, आणि तेच नको म्हणे! स्वयंपाक म्हणशील तर बेताचाच. आजचे पोहे आमच्या हिने केलेत, पाहुण्यांना सांगणार तेजूने केले. नोकरी सोडणार नाही म्हणते, आणि बरोबर आहे तिचं. मागच्या एका मुलाला तिने विचारलं, तुम्ही शेवटचं पुस्तक कुठलं वाचलं? तो म्हणाला पासबुक. उठून आत गेली.”

मुलगा हसायला लागला. आधी बारीक, मग पोट धरून. मला कळेना, एवढं काय. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. आमच्याकडे रेंज नीट अशी डोंगरावरच येते. दादा होता, आवाज दबलेला, म्हणजे खिडकीत उभा राहून बोलत होता.

“अरे, पाहुणे आले.”

“आले ना? बरं झालं.”

“कसलं बरं? दोन बापये, दोन बायका, मुलगा कुठे दिसत नाही. मागून येत असेल म्हणून विचारलं पण नाही, बरं दिसत नाही ते. पोहे दोनदा खाल्ले. मग म्हणाले खोली दाखवा. तुझ्या वहिनीला वाटलं घर बघतायत, तिने सगळं घर दाखवलं. आता त्यातली एक बाई आमच्या पलंगावर आडवी झाली आहे रे. विचारते, एसी कुठे आहे. पुण्याची माणसं अशी असतात काय?”

मी म्हटलं, “असतील.” आणि मग त्या ‘खोली दाखवा’वरून मला शंका आली.

“दादा, त्यांना विचार, डोंगरावर जायचंय का.”

जरा वेळाने दादा म्हणाला, “हो म्हणतायत. ती बाईच म्हणाली, बोर्डावर लिहिलंय ते कधी चालू होणार.”

मी फोन बंद केला. समोर बघितलं. चौघंही माझ्याकडे बघत होते. मला गाडीतला इस्त्रीचा शर्ट आठवला.

“तुम्ही,” मी मुलाला विचारलं, “राहायला कोल्हापूरलाच ना?”

“आईवडील कोल्हापूरला. मी नोकरीला पुण्यात.”

“कंपनीत?”

“कंपनीत.”

“एकुलते?”

“हो. आणि कडक आई ही काय, तुमच्या समोरच बसलीय. मी अमोल.”

खरं सांगतो, त्या देवीसमोर मला वाटलं की इथून खाली जाऊच नये, इथेच पुजारी म्हणून राहावं. मी हात जोडले. काय काय बोललो ते मलाच आठवत नाही. “चूक झाली”, “पोरीचा दोष नाही”, “तिला यातलं काही माहीत नाही”, हेच पुन्हा पुन्हा. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. पाच स्थळं गेलेली, आणि सहावं मी स्वतःच्या हाताने डोंगरावर नेऊन वाटेला लावलं होतं.

आईंनी बूट घातले आणि उठल्या. उतरताना वहाळापाशी मी हात पुढे केला तर त्यांनी दोर धरला.

दादाच्या खळ्यात पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. धुळीने माखलेली, घामाने निथळलेली चार माणसं बघून दादाला वाटलं, हीच माझी गिऱ्हाईकं. तो हातानेच मला ‘मागे ने, मागे ने’ करायला लागला. त्याच्या कानात खरं सांगितलं तेव्हा तो ओसरीच्या पायरीवर बसलाच. खऱ्या पर्यटकांना मी माझ्या खोलीत नेऊन ठेवलं. ते जाताना म्हणाले, नाश्ता उत्तम होता आणि तुमची मुलगी फार गोड बोलते.

मग सगळं परत पहिल्यापासून. पाणी, गूळ, चौरंग, आणि तिसऱ्यांदा पोहे. वहिनी बिचारी ठरल्याप्रमाणे म्हणाली, “पोहे तेजूनेच केलेत हो.”

चारही पाहुणे एकदम माझ्याकडे वळले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात मे महिन्याच्या तारखा बघायला लागलो.

“छान झालेत,” अमोलच्या आई शांतपणे म्हणाल्या. “कसे केले ते मात्र मी तुमच्या धाकट्या जाऊबाईंना विचारीन.”

तेजूने खाली घातलेली मान वर केली. माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं, लहानपणापासून ओळखते ती मला. आणि ती हसली. पढवलेलं सगळं विसरून, पदर तोंडाला लावून, खुर्चीतून पडेल एवढी हसली. अमोल पण हसला. दादा मात्र छताकडे बघत होता.

पाहुणे तासाभराने गेले. “कळवतो” म्हणाले. दादाने माझ्याकडे पाठ करून चौरंग आवरला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तेजू पडवीत येऊन माझ्या शेजारी बसली.

“काका, मला त्यांच्याशी दहा मिनिटं बोलायला मिळालं. तुम्ही तीन तास होतात. माणूस कसा आहे?”

आयुष्यात पहिल्यांदा मी नीट विचार करून बोललो. म्हटलं, “पाणी सगळ्यांना देऊन शेवटी प्यायला. आईची पर्स गळ्यात घालून अख्खा डोंगर चढला. आणि मी त्याच्या तोंडावर त्याची निंदा केली तरी हसत बसला.”

ती उठली आणि गुणगुणत गेली. मग तर मला जास्तच धडकी भरली. आता तिला हवा होता, आणि तिकडून नकार आला तर तो माझ्यामुळे येणार.

दोन दिवस मी जेवलो नाही नीट. तिसऱ्या दिवशी मध्यस्थांचा फोन आला. दादाने खिडकीत जाऊन फोन मोठ्या आवाजावर ठेवला. वहिनी, तेजू, आमची ही, सगळी मागे उभी. मी खळ्यातच थांबलो, आत जायचं धाडस नव्हतं.

“मुलगी पसंत आहे,” मध्यस्थ म्हणाले. “नोकरी करू दे, पोहे नाही आले तरी चालतील. घर पसंत, माणसं पसंत.”

दादाचा विश्वास बसेना. “खरंच? काही खोट नाही काढली त्यांनी?”

“एक काढली, पण ती मुलीत नाही, काकांत आहे. तर मुलाच्या आई म्हणाल्या, एवढ्याशासाठी चांगलं स्थळ कशाला सोडायचं? काका चालवून घेऊ.”