आधी माझं रक्त काढा
स्पिरिटचा वास आला की मला जामखेडच्या एका दवाखान्यातली दुपार आठवते. नगरला कॉलेजात शिकणारा माझा मोठा भाऊ दिवाळीला घरी आला, तो बदलूनच. रेडिओवाला आपलंच नाव घेतो म्हणायचा, आईच्या हातचं खाईना. आईनं देवऋषी ठरवला होता, पण वडील हट्टानं त्याला डॉक्टरांकडे घेऊन आले; आई नि मीही सोबत होतो. सुई दिसताच तो भिंतीला चिकटला. “माझं रगत त्यांना पाठवनार हायेत!” कंपाउंडर त्याला धरायला सरसावला, तशी मी बाही वर केली आणि म्हणाले, “आदी माजं काढा.” माझं रक्त काढून होईपर्यंत तो टक लावून बघत राहिला, मग मुकाट्यानं त्यानं हात पुढे केला. दोघांचं रक्त काचेच्या उभ्या नळ्यांत तासभर ठेवलं. माझ्या नळीतला लाल थर जेमतेम हलला, त्याचा भराभर खाली बसत गेला. “अंगात कुठंतरी सूज आहे,” डॉक्टर म्हणाले. “कशानं, ते यावरून कळत नाही. पुण्याला मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा.” आईनं घाबरत विचारलं, “म्हंजी बाहेरचं न्हाई?” “आजार आहे, बाई.” देवऋषाकडे जाणं राहिलं. परतताना एसटीत भावानं माझ्या हाताकडे बघितलं. “लई दुखलं का गं?” कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी बोलला होता. औषधांनी सावरायला त्याला दोन वर्षं लागली. अशा आजारांच्या खुणा आता रक्तातही शोधतात, हे परवा मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “मला त्यातलं काहीच आठवत न्हाई. तूच लिहून ठेव.”